दोन पोरं गाडीत, एक बाई बदलीवर

मा. संपादक,
स. न.

मी मोहोळ तालुक्यातल्या एका गावात शाळेची गाडी चालवतो. सकाळी सात वीसला गावातली आणि दोन वस्त्यांवरची मिळून सतरा लेकरं उचलतो आणि चौदा किलोमीटरवरच्या इंग्लिश मीडियमला सोडतो. गाडी वळवायला जागा तेवढीच, म्हणून गावातला थांबा जिल्हा परिषद शाळेच्या फाटकासमोर आहे. माझी स्वतःची दोन्ही लेकरं त्याच फाटकातून आत जातात. हॉटेलवाला घरून डबा आणतो म्हणून लोक हसतात, हसू देत.

खेड्यातल्या पालकांना इंग्रजीचं वेड लागलंय, असं पेपरात अधूनमधून वाचतो. गाडीतल्या सतरापैकी चार-पाच जणांचे बाप बागायतदार आहेत. बाकी कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी दुसऱ्याच्या रानात. एकाचं चार महिन्यांचं भाडं थकलंय, ऊसबिल आलं की देतो म्हणतो. त्याची बायको मला एकदा म्हणाली, "भाऊ, तिकडं लई शिकवतात असं न्हाई, पण वर्गात रोज कोणतरी असतंय." हे मला लागलं, कारण आमच्या शाळेत रोज कुणीतरी नसतं यात माझाही हात आहे.

कसा ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात हिशेब असा आहे की प्राथमिकला पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ झाला की तीन. पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. २०१८ ला आमच्या पहिली ते चौथीच्या शाळेचा पट बरोबर ६१ होता. पुढच्या जूनमध्ये दोन भावंडं शाळा सोडून माझ्या गाडीत आली. बाकी आलेगेले सारखेच. सप्टेंबरात पट निघाला ५९.

तिसऱ्या बाई अतिरिक्त ठरल्या. जादा शिक्षकांना दुसऱ्या शाळा देतात त्या समायोजनात त्यांना सांगोल्याकडची शाळा मिळाली. सामान माझ्याच गाडीतून गेलं. गॅसची शेगडी, दोन पत्र्याच्या पेट्या आणि एका खोक्यात आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावलेल्या. दशक-एकक शिकवायला लागतात, म्हणाल्या. पोचल्यावर भाडं देऊ लागल्या. मी घेतलं नाही, कुठल्या तोंडानं घेणार?

राहिले दोन शिक्षक आणि चार वर्ग. एका गुरुजींकडं मतदारयादीचं काम, दुसऱ्यांकडं खिचडीच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि आधारची जुळवाजुळव. त्यातले एक प्रशिक्षणाला गेले की राहिलेल्यानं पहिलीला पाटीवर गिरवायला बसवायचं आणि तिकडं चौथीचा भागाकार घ्यायचा. ते बघून आणखी पालक हलले. यंदा पट ४४ आहे. २०१८ ला माझ्या गाडीत सात लेकरं होती.

तिकडच्या शाळेत सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. माझी मेहुणी तिथं शिकवते, डी.एड. झालेली, महिना आठ हजारांवर. पण वर्गाला एक बाई ठरलेली असते आणि तिला वर्ग सोडून मतदार मोजायला कुणी पाठवत नाही. फरक एवढाच आहे, आणि गरिबाला तो पैसे मोजून विकत घ्यावा लागतो.

त्याच कायद्यानं खासगी शाळांत गरिबांना २५ टक्के मोफत प्रवेश आहेत की, असं शहरातले पाहुणे सांगतात. त्यात शाळेच्या जवळ राहणाऱ्याचा नंबर आधी. चौदा किलोमीटरवरच्या पोराचा कधी लागायचा? लागलाच तरी माफ होते ती फी. गाडीचे महिना हजार रुपये राहतातच, आणि ते मीच घेतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, हायवे बंद झाला, गाडी चार दिवस दारात उभी. नदीकडच्या वस्तीवरची माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायला आली. त्यात माझ्या गाडीतली पाच लेकरं होती. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी सगळ्यांनाच व्हरांड्यात बसवून पाढे म्हणून घेतले. गाडीतला एक पोरगा 'टू वन्स आर टू' म्हणत होता, माझी पोरगी 'बे एके बे'. वीसवर दोघं बरोबरच पोचले. पाणी ओसरलं, पाची लेकरं परत गाडीत. त्याच आठवड्यात पट धरला गेला, त्यात ती नव्हती.

कालव्याच्या कडेनं तीन लेकरं दोन किलोमीटर चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात. पाऊस असला की मी त्यांना गाडीत घेतो, तसंही फाटकासमोर थांबायचंच असतं. एका पालकानं यावरून फोन केला, पैसे आम्ही भरतो आणि ही फुकट कशी? मी म्हटलं, डिझेल जास्त लागत नाही. ते म्हणाले, प्रश्न डिझेलचा नाही. तो कशाचा आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

शेजारच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. आमच्या जिल्ह्यानं तेव्हा फ्लेक्स लावले. बरोबरच केलं. पण आमच्या तिसऱ्या बाईही काड्यांच्या जुड्या करून शिकवणाऱ्या होत्या, त्यांना दोन पोरांच्या फरकानं उचललं.

माझं मागणं मोठं नाही. पट घसरला तरी निदान तीन वर्षं शिक्षक हलवू नका. दोन पोरं परत यायला तेवढा वेळ तरी मिळू दे. आणि वर्गावर दोनच माणसं असतील तिथं यादीचं काम दुसऱ्या कुणाकडं द्या.

जूनमध्ये शाळा भरेल. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्यासाठी दोन पालकांनी विचारून ठेवलंय. दोघांचीही लेकरं सध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, एक माझ्या पोरीच्या बाकावर बसतं. गाडीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो. दोघांनाही मी अजून हो म्हटलेलं नाही.

– एक गाडीवाला पालक, ता. मोहोळ, जि. सोलापूर