अनुमोदक म्हणून माझं नाव

१९ जानेवारी

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ग्रामसभेसाठी नागपूरहून यायचं? तिथे ठराव तर आधीच ठरलेले असतात." तेव्हा मी गप्प बसले, कारण तू म्हणतेस ते खोटं नाही. पण एक गोष्ट तुला अजून सांगितलेली नाही. फोनवर सांगताना शब्द फुटला नसता, म्हणून लिहिते.

ऑगस्टची सभा आठवते? माणसं जमली नाहीत म्हणून तहकूब झाली. आपल्या गावात अकराशेच्या वर मतदार आहेत. सभेला पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी ती लागते. म्हणजे आपल्याला शंभर माणसं हवीत. तहकूब सभेला मात्र ही अट नसते. पुढच्या आठवड्यात बारा-तेरा जण बसले आणि कामं उरकली. मी त्या सभेला गेलेच नव्हते. दोन दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. मी कणीक मळत होते. "काकू, हजेरीची सही तेवढी राहिली," म्हणाला. सभेला नव्हते, तरी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि सही केली. वरचं अर्धं पान कोरं होतं. ते मला दिसलं होतं, मृणाल. दिसलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सप्टेंबरात तुझी मावशी म्हणाली, तिच्या टोल्याकडे, म्हणजे त्या वस्तीकडे, येणारी पाईपलाईन रद्द झाली, आता ती बसस्टँडमागच्या नव्या प्लॉटांकडे जाणार. तिथे अजून चार घरंसुद्धा उभी नाहीत. मी तणतणत ग्रामपंचायतीत गेले. ठराव दाखवा म्हटलं तर "साहेब आल्यावर या." तीन वेळा गेले, तीनदा तेच. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवसांची मुदत असते. विसाव्या दिवशी नक्कल हातात आली. ठरावाखाली सूचक म्हणून एका सदस्याचं नाव आणि अनुमोदक म्हणून माझं.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारातलं पाणी माझ्याच अनुमोदनाने गेलं होतं. पन्नाशी ओलांडलेली ती बाई डोक्यावर एक आणि कमरेवर एक पाण्याचा गुंड घेऊन शाळेजवळच्या बोअरिंगवरून चढ चढते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तो कागद तिला वाचून दाखवला. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर मला आमच्या बचत गटाची मेंढा-लेखाची सहल पुन्हा आठवू लागली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं ते गोंडांचं लहानसं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. २००९ साली त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. पण आम्हा बायकांना थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा बसून बोलतात, आणि गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्यासारखी माणसं अभ्यास गटात कायद्याचा कागद शब्द न् शब्द समजून घेतात. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, लहान गाव आहे, एका जातीचं आहे, त्यांना जमतं. आता वाटतं, ती मी स्वतःला दिलेली सूट होती. कोऱ्या पानावर सही न करायला गाव लहान असावं लागत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. आपल्याकडे ती कागदावरच व्हायची. १ ऑक्टोबरला आम्ही ती खरोखर घेतली, अंगणवाडीच्या ओट्यावर. एकतीस बायका होत्या. टोल्यातल्या बायका रिकामे गुंड घेऊनच आल्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मी उभी राहिले आणि आधी माझ्या सहीचं सांगितलं. पाय कापत होते. मग म्हटलं, आज सभा संपायच्या आत प्रत्येक ठराव लिहून मोठ्याने वाचा, मगच सह्या. बराच गोंधळ झाला. एकजण म्हणाला, "बायकांना काय कळतं निधीतलं!" मी विचारलं, वित्त आयोगाच्या पैशातला पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला हिस्सा किती, तो तुम्ही सांगा. त्याला सांगता आलं नाही. संध्याकाळी साडेसहाला दिव्याच्या उजेडात ठराव वाचला गेला आणि टोल्याची लाईन आराखड्यात परत आली.

२४ एप्रिल १९९३ ला ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, तेव्हा मी शाळेत होते. तीस वर्षांहून जास्त काळ ती माझी होती आणि मी तिला शिपायाच्या रजिस्टरमधूनच ओळखत होते. तुझं तसं होऊ नये, एवढाच माझा हट्ट आहे. तुझं नाव नव्या मतदार यादीत आलंय, मी स्वतः पाहून आले. आता तू ग्रामसभेची सभासद आहेस, कुणाच्या परवानगीने नव्हे.

२६ च्या ग्रामसभेची नोटीस लागली आहे, दवंडीही झाली. पंचवीसच्या दुपारी गणेशपेठ बसस्टँडहून निघालीस तर अंधाराच्या आत पोचशील. मागच्या सभेचं इतिवृत्त आधी वाचायला लावायचं आहे. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, तुझा जातो. मुक्काम मावशीकडे कर, ती वाट पाहतेय. तिच्या दारापर्यंत चर खणून झालाय, पाईप अजून पडलेला नाही. रात्री जाताना बॅटरी घे.

तुझी,
आई