संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : जवानाची तक्रार मशीनवरच्या माणसापर्यंत येऊ द्या

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला कामगार आहे. तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी प्रेसवर आणि शेवटची काही पॅकिंगमध्ये. कारखाना कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एका कारखान्याचं गाऱ्हाणं नाही. निवृत्तीनंतर ठाण्यात, कळव्याला मुलाकडे राहायला आलो.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा सैन्यात आहे. मागच्या सुट्टीत तो आला तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळी तलावपाळीला बसलो होतो. मी काडतुसांच्या कारखान्यात होतो हे त्याला ठाऊक होतं. बोलता बोलता त्याने रेंजवर आलेली एक अडचण सांगितली. काडतूस हातात नव्हतंच, कारण रिकामी काडतुसंसुद्धा मोजून परत करावी लागतात. त्यामुळे अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्याने मला दाखवलं, नेमकं कुठे अडतं ते. मग विचारलं, "काका, आम्ही हे लिहून देतो. ते तुमच्यापर्यंत येतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

काडतूस कसं होतं ते थोडं सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कळेल. पितळेच्या पट्टीतून चकती कापतात, चकतीचा कप होतो. रायफलच्या काडतुसाचा कप अंगठ्याच्या टोकावर बसेल एवढासा असतो. तो पंच आणि डाय, म्हणजे दांडा आणि साचा, यांमधून ओढत ओढत लांब करायचा. ओढला की पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत घालून पुन्हा मऊ करायचं, तेजाबात धुवायचं, परत ओढायचं. भट्टीचं तापमान थोडं इकडे-तिकडे झालं किंवा डायला बारीक ओरखडा असला, तर तो दोष डोळ्यांना दिसेलच असं नाही. तो महिन्यांनी, कधी वर्षांनी, कुठल्या तरी रेंजवर किंवा चौकीवर दिसतो. आमच्याकडे माप तपासायचे गेज असतात, तपासणी असते, मालाला लॉट नंबर असतो, काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि सालाचे आकडे ठोकलेले असतात. म्हणजे माल कुठून आला हे शोधायची सोय आधीच आहे. सापडलेली गोष्ट खाली मशीनपर्यंत येण्याची सोय मात्र कच्ची आहे.

माझ्या नोकरीत एकदा आमच्या शॉपचा, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या खात्याचा, एक लॉट नापास होऊन परत आला. रिजेक्ट, एवढंच आम्हाला कळलं. कारण कुणी सांगितलं नाही. चार दिवस आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. भट्टीवाला म्हणे डायचं असेल, डायवाला म्हणे धातूच तसा आला असेल. कारण वर कागदावर नक्की असणार. आमच्यापर्यंत तो कागद उतरला नाही, आणि पुढचा लॉट आम्ही अंदाजानेच काढला.

महोदय, याचं मूळ माणसांच्या आळशीपणात आहे असं मला वाटत नाही. ते आपल्या मंत्रालयाच्या रचनेत आहे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा ही रचना मी समजून घेतली. मंत्रालयाचे पाच विभाग आहेत. २०२० च्या सुरुवातीपासून तिन्ही दलं लष्करी व्यवहार विभागाखाली आली, आणि संरक्षण दलप्रमुख या विभागाचे सचिव झाले. कारगिलनंतर जी सुधारणा सुचवली गेली होती ती अशी वीस वर्षांनी झाली, याचा मला आनंद आहे. म्हणजे तक्रार लिहिणारा जवान या विभागात. कारखाने संरक्षण उत्पादन विभागाकडे, आणि मालाची गुणवत्ता तपासणारं महासंचालनालयही तिथेच. मोठ्या भांडवली खरेदीचं काम संरक्षण विभागाकडे. नवीन काही शोधायचं तर डीआरडीओचा वेगळा विभाग. आणि माझ्या शेजारचा हा मुलगा निवृत्त झाला की त्याच्यासाठी माजी सैनिक कल्याण विभाग. या सगळ्यांच्या वर एकच माणूस बसतो, तो म्हणजे आपण. म्हणून हे पत्र कुठल्या सचिवांना न लिहिता थेट आपल्याला लिहितो आहे.

इथून अंबरनाथ लोकलने पाऊण तासाच्या आत येतं. त्या एका गावात आपल्या मंत्रालयाची तीन दारं आहेत. आयुध निर्माणी आता यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे, तिचं मुख्यालय नागपूरला. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये गेली, तिचं मुख्यालय चेन्नईजवळ आवडीला. तिसरं दार नौदलासाठी धातू आणि इतर पदार्थांवर संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं. सकाळी एकाच गाडीने तिकडे जाणारी माणसं तीन वेगवेगळ्या वरिष्ठांना जबाबदार आहेत. काडतुसं जिथे बनतात ती वरणगाव आणि खडकी पुन्हा तिसऱ्याच कंपनीत, पुण्याच्या म्युनिशन्स इंडियामध्ये.

१८०१ साली कोलकात्याजवळ काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना निघाला तिथपासून चालत आलेली ही व्यवस्था १ ऑक्टोबर २०२१ ला बदलली. सगळ्या आयुध निर्माण्या चालवणारं बोर्ड बरखास्त झालं, ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. तो निर्णय बरोबर की चूक यावर मी वाद घालणार नाही. माझ्या बरोबरचे बरेच लोक तेव्हा विरोधात होते, मीही होतो. पण एक फरक सांगायलाच हवा. पूर्वी कप करणारा आणि काडतूस करणारा असे दोन्ही कारखाने एकाच बोर्डाचे होते. एका कारखान्याने दुसऱ्याकडे माल मागायचा, त्याला आम्ही इंटर फॅक्टरी डिमांड म्हणायचो. खोट निघाली तर इकडचा फोरमन तिकडच्या फोरमनला फोन करी. आता त्याच जागी एक कंपनी दुसऱ्या कंपनीची गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक आणि विक्रेता खोटेबद्दल बोलतात तेव्हा आधी पैशाचं आणि दंडाचं बोलतात. कारण कबूल करायला दोघंही कचरतात. ते स्वाभाविक आहे, पण त्याची किंमत रायफल हातात धरलेला मुलगा देतो.

कर्मचाऱ्यांचा प्रश्नही आहेच. सुमारे ७०,००० माणसं सुरुवातीला दोन वर्षांच्या मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी नोकर राहूनच, कंपन्यांकडे गेली आणि मग मुदत वाढवत नेली गेली. त्याचा निकाल एकदाचा लावा, एवढंच इथे म्हणतो.

आता मला काय हवंय ते. जवानाच्या तुकडीकडून एखाद्या लॉटबद्दल तक्रार आली आणि तिचा छडा लागला, की त्याचं एक पान ज्या शॉपमध्ये तो माल झाला तिथल्या फळ्यावर लागावं. दोष काय होता, कुठल्या टप्प्यावर झाला, पुढे काय काळजी घ्यायची. आणि ते पान कामगाराच्या भाषेत असावं, महाराष्ट्रात मराठीत. तुकडी कुठली, ठिकाण कुठलं, हे आम्हाला नको. गुप्ततेला धक्का लागेल असं त्यात काही असायचं कारण नाही. कारखाना कप करणारा असो की काडतूस करणारा, कंपनी कुठलीही असो, हा नियम मंत्रालयाने सगळ्यांना सारखा लावावा.

दुसरं, वर्षातून एकदा तरी माल वापरणारी माणसं शॉपमध्ये यावीत. माझ्या पॅकिंगच्या दिवसांत एक सुभेदार साहेब असेच आले होते. सगळं पाहून झाल्यावर ते पेटीपाशी थांबले. खिशातून लोकरीचे जाड हातमोजे काढले, हातात चढवले आणि आमच्यासमोर पेटीची खटकी उघडून दाखवली. तीनदा बोट निसटलं. चौथ्यांदा खटकीच्या कडेला लोकर अडकून धागा निघाला. "वर बर्फात मोजे काढले तर बोटं चिकटतात," एवढंच म्हणाले. ड्रॉइंग बदलायचा अधिकार आमचा नव्हता, आणि तो नसावाच. पण कड गुळगुळीत घासायला ड्रॉइंगची आडकाठी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक खटकीवर कानस फिरली. कुणी सर्क्युलर काढलं नव्हतं. आम्ही तो धागा पाहिला होता.

१९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण साहेब मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादन विभाग स्थापन झाला, कारण सैनिकाच्या हातात वेळेवर आणि धड सामान पडत नाही हे चीनच्या युद्धात दिसलं होतं. २०२५-२६ चा संरक्षणाचा अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींच्या वर होता. मी मागतोय त्याला त्यातला एक रुपयाही लागणार नाही. लागेल तो आपल्या सहीचा एक आदेश, जो लष्करी व्यवहार विभाग आणि उत्पादन विभाग या दोघांनाही बंधनकारक असेल.

तो मुलगा गणपतीत पुन्हा सुट्टीवर येणार आहे. तलावपाळीला बसलो की तो मला तेच विचारेल. तेव्हा त्याला सांगता येईल असं काही आपल्याकडून कळावं, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त आयुध कामगार
कळवा, ठाणे