नवे संगणक नंतर द्या, आधी असलेले चालू ठेवायला पैसे द्या : उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांतील वाचकांसाठीच्या संगणकांची देखभाल

मा. मंत्रिमहोदय,

१९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली चालणाऱ्या ग्रंथालयांतल्या संगणकावर लोक काय करतात ते आधी सांगतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, एमपीएससीच्या अर्जासाठी फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवतात, सातबारा काढतात, प्रवेशपत्राची प्रत छापतात. ही कामे मोबाइलवर अर्ध्यात अडकतात. म्हणून अभ्यासिकेतली मुले संगणकासाठी नंबर लावतात.

संगणक मिळवणे तसे जमते. कधी देणगीतून, कधी स्थानिक विकास निधीतून, कधी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून. पण यूपीएसची, म्हणजे वीज गेल्यावर संगणक काही वेळ चालू ठेवणाऱ्या डब्याची, बॅटरी बदलायला कोणी देणगी देत नाही. दोन पावसाळे गेले की यंत्र बंद पडते, त्यावर कापड पडते आणि जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत ते तसेच नांदत राहते.

बंद पडण्याची कारणे बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. सगळ्यांत आधी जाते ती यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी. ती दोन-तीन वर्षे टिकते. भारनियमन जास्त असेल तर त्याआधीच बसते. ती गेल्यावर यूपीएस म्हणजे नुसता एक्स्टेन्शन बोर्ड उरतो. वीज गेली की संगणक लिहिता लिहिता बंद पडतो, डिस्कवरच्या फाइली बिघडतात आणि दोष व्हायरसवर जातो. बॅटरी बदलायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटे लागतात.

दुसरे कारण याहून लहान. मदरबोर्डवर सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. ग्रंथालय बंद करताना मेन स्विच पाडला जातो, म्हणून हा सेल लवकर संपतो. मग सकाळी संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. तारीख चुकली की संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही आणि ब्राउझर पान उघडत नाही. लोक म्हणतात नेट बंद आहे. तक्रार इंटरनेटवाल्याकडे जाते, तो लाइन तपासून परत जातो, आणि अर्जाची मुदत संपून जाते. हा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो.

कोकणात पावसाळ्यात रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात. यंत्र बीप-बीप करते, पडदा काळाच राहतो. वीज काढून पट्टी बाहेर घ्यायची, स्वच्छ खोडरबर फिरवायचा, पुन्हा घट्ट बसवायची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र संगणकाला हात लावू नये. आधी इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्टेज मोजावे; ते तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत यंत्र जोडू नये. जुन्या वाड्यांतल्या आणि समाजमंदिरांतल्या ग्रंथालयांत ही तपासणी संगणक येण्याआधी व्हायला हवी, आणि ती जवळजवळ कुठेच होत नाही.

यंत्रांविषयी एक ठोस सूचना. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०साठीची नेहमीची सुरक्षा अद्यतने थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे महाविद्यालये आणि कार्यालये चांगली चालणारी यंत्रे भंगारात काढत आहेत. त्यांतली हार्ड डिस्क काढून नष्ट करावी, तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी ही वेगवान डिस्क घालावी, रॅम ८ जीबी करावी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवावी. ब्राउझर, अर्ज, पीडीएफ, छपाई यांसाठी ती अजून बरीच वर्षे पुरतील. डिजिटल सहीच्या टोकनसारख्या उपकरणांचे ड्रायव्हर अनेकदा विंडोजसाठीच असतात, म्हणून चारांपैकी एक यंत्र विंडोज ११चे असावे. प्रिंटर मोनो (फक्त काळे छापणारा) लेझर घ्यावा. कमी वापरात इंकजेटची शाई वाळून हेड बंद होते.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वाचकाच्या कागदपत्रांची. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये अनोळखी माणसांची आधार कार्डे, जातीचे दाखले, बँक पासबुकाची पाने साचलेली दिसतात. पुष्कळदा आधीच्या माणसाचे ईमेल खाते उघडेच असते. लिनक्स मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन' सुरू केले की वाचक बाहेर पडताच त्याच्या फाइली आणि लॉगिन सगळे पुसले जाते. विंडोजवर हेच काम, रीस्टार्ट होताच यंत्र मूळ स्थितीत आणणाऱ्या सॉफ्टवेअरने करता येते. पासवर्ड जतन करण्याची सोय ब्राउझरच्या पॉलिसीतूनच बंद ठेवावी. आणि वाचकाला फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला सांगणारी ठळक मराठी पाटी पडद्याशेजारी हवी, नाहीतर तासाभराचे काम पुसले जाऊन रडू येते.

मराठी टंकलेखन पहिल्याच दिवशी लावून द्यावे : इन्स्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण कळरचना, त्यासोबत उच्चारानुसारी पर्याय आणि कळफलकावर देवनागरी स्टिकर. कऱ्हाड, गोऱ्हे लिहिताना लागणारा 'ऱ' इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे'च्या कळीवर आहे, हे माहीत नसल्याने आडनावे चुकीची टंकली जातात आणि पुढे दाखल्याशी जुळत नाहीत. दृष्टिहीन वाचकांसाठी लिनक्सवर ओर्का आणि विंडोजवर एनव्हीडीए हे पडदावाचक मोफत आहेत, ईस्पीक एनजी या मोफत आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे मराठीही वाचतात. एकाच यंत्राला हेडफोन लावून ते सुरू करून ठेवले तरी पुष्कळ झाले.

सगळे बसवून झाल्यावर क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. यंत्र बिघडले की तासाभरात ते होते तसे परत उभे राहते, ग्रंथपालाला काहीही नव्याने बसवावे लागत नाही.

हे सारे शिकता येण्याजोगे आहे. पण ड वर्गातल्या, म्हणजे सर्वांत कमी अनुदानाच्या, ग्रंथालयातला अल्प मानधनावरचा ग्रंथपाल ते एकट्याने आणि पदरमोड करून करू शकत नाही. म्हणून आमच्या मागण्या अशा. अनुदानात संगणक देखभालीचे वेगळे शीर्ष असावे आणि ती रक्कम खरेदीकडे वळवता येऊ नये. प्रत्येक तालुक्यातल्या एका अ किंवा ब वर्ग ग्रंथालयात सुट्या भागांची पेटी असावी : दोन यूपीएस बॅटऱ्या, दहा सेल, दोन एसएसडी, दोन रॅम पट्ट्या, एक पॉवर सप्लाय, दोन कीबोर्ड-माऊस, मल्टिमीटर आणि डिस्कची प्रतिमा. तिथल्याच आयटीआयमधल्या प्रशिक्षित तरुणाला फेरीमागे मानधन देऊन दर तिमाहीला प्रत्येक ग्रंथालयात पाठवावे. पहिली फेरी पावसाळ्यापूर्वी व्हावी.

आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत 'संगणक आहेत का' या रकान्याऐवजी प्रत्येक यंत्र त्यांच्यासमोर सुरू करून एक पीडीएफ छापून घ्यावी, आणि ती छापील प्रत अहवालाला जोडावी. एवढा एक बदल येत्या तपासणीपासून करता येईल. त्याला नव्या निधीचीही गरज नाही.

आपले,
सार्वजनिक ग्रंथालयांतील संगणक सांभाळणारे ग्रंथपाल आणि तंत्रज्ञ