आमदारांची सीट

महोदय,

३० जुलै, म्हणजे गणपतराव देशमुखांचा स्मृतिदिन, जवळ आला, की त्यांच्यावर लेख येतात. अकरा वेळा आमदार, एकच मतदारसंघ सांगोला, एकच पक्ष शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). हे आता पाठ झालंय. मी एसटीत वाहक होतो, तेव्हा माझं माप वेगळं.

एसटीत खिडकीच्या वर 'विधानसभा सदस्य' असं लिहिलेली राखीव सीट असते. माझ्या नोकरीत त्या सीटवर मी लसणाची पोती पाहिली, नवरीची ट्रंक पाहिली, एकदा करडूही पाहिलं. आमदारासाठी कुणाला उठवायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. देशमुख मात्र एसटीने फिरायचे, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं. ती पाटी त्यांच्यापुरती तरी खरी होती.

लेखांत विजय मोजतात, हार पटकन उरकतात. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी गेले. एसटीच्या तीन-चार गाड्या भरतील एवढी माणसं! १९९९ ला पुन्हा आमदार आणि मंत्रीही. दोनदा पडूनही पक्ष तोच. हल्ली तिकीट कापलं, की दुपारपर्यंत गळ्यात दुसरा पंचा. (तिकीट कापणं हे खरं तर आमचं काम!)

आपल्या वार्ताहराने यंदा एवढंच करावं: आजच्या आमदारांना त्यांचा शेवटचा एसटी प्रवास विचारावा आणि उत्तरं नावानिशी छापावीत.

– एक निवृत्त वाहक, सोलापूर जिल्हा