प्रत्यक्षदर्शीची आठवण केव्हाची?

महोदय,

अपघातांच्या आणि गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘प्रत्यक्षदर्शींनी ठामपणे सांगितले’ हे शब्द नेहमी वाचायला मिळतात. सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु सांगण्यातल्या ठामपणावरून आठवणीचा खरेपणा ठरवता येत नाही, हे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवले आहे.

दादा शिडीवरून पडला आणि त्याचा हात मोडला, तेव्हा मी शिडी धरून उभी होते, असे मी चाळीस वर्षे सांगत आले. त्याच्या पायातून निसटलेली चप्पल माझ्या खांद्याला लागून खाली पडली, हेही मला स्पष्ट दिसत असे. ‘तू तिथे नव्हतीसच,’ असे दादा म्हणाला, तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटले. वडील गेल्यानंतर त्यांची जुनी रोजनिशी चाळताना त्या दिवसाच्या दोन ओळी सापडल्या. दादाचा हात मोडल्याची नोंद होती आणि मी मामांकडे असल्याने मला पत्राने कळवायचे आहे, असे पुढे लिहिले होते. ऐकलेली हकिकत इतक्या वेळा मनात घोळली की तिचे दृश्य झाले आणि त्या दृश्यात मी स्वतःला उभे केले. ती चप्पल मला आजही दिसते.

आठवताना आपण उरलेले तुकडे, नंतर कानावर आलेल्या गोष्टी आणि ‘असेच झाले असणार’ हा अंदाज यांतून प्रसंग नव्याने रचतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. विचारणाऱ्याचे शब्दही त्या रचनेत शिरतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली गेली आणि वेगाविषयी विचारताना काहींपुढे ‘धडकल्या’, तर काहींपुढे ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला गेला. आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिलीत का?’ असे विचारल्यावर पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी, तर दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी होकार दिला. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच.

१९८६ मध्ये चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर लगेच अलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी, ती बातमी कुठे आणि कशी कळली हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची हकिकत पार बदललेली होती, तरी ती सांगण्यातला विश्वास मात्र दांडगा होता. स्वतःच्या हातचा जुना कागद समोर ठेवूनही मूळची आठवण परत आली नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी ‘गाडी भरधाव होती ना?’ असे न विचारता ‘काय पाहिलेत?’ एवढेच विचारावे आणि ते सांगणे घटनेनंतर तासाभराने झाले की महिन्याने, हे बातमीत अवश्य नमूद करावे.

आपली,
एक नियमित वाचक