मार्कशीट कपाटात ठेवून माणसे टिकत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात आयटी पार्क व्हावा, यासाठी सध्या जागा, रस्ते, विमानसेवा यांवर भरपूर बोलले जाते. त्या इमारतीत काम करणारी माणसे कुठून येणार आणि दोन वर्षांनी ती इथेच असतील का, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून लिहीत आहे.

जुळे सोलापुरातल्या एका छोट्या कंपनीत मी ईआरपी सल्लागार आहे. कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवून द्यायचे आणि पुढे ते चालू ठेवायचे, हे आमचे काम. लोकांना ते कॉम्प्युटरचे वाटते. खरे तर निम्म्याहून जास्त वेळ कारखान्यात बसून ऐकण्यात जातो.

टॉवेलचा कारखाना घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला मालक सूत घेतो, ते डाइंगला (रंगवायला) पाठवतो, मग वार्पिंग-सायझिंगला (ताणा तयार करून खळ लावायला). ताण्याचे रूळ, म्हणजे बीम, बऱ्याचदा दुसऱ्याच्या मागावर चढतात, शेवटी शिलाई. प्रत्येक ठिकाणी माल चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) जातो आणि चलनावर येतो. सूत जाते किलोत, टॉवेल येतात डझनात, आणि मधली घट (वाया जाणारे सूत) प्रत्येकाची वेगळी. त्यात जीएसटी कायद्याचे कलम १४३ सांगते की जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडे प्रक्रियेसाठी, दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. हे सगळे समजून घेऊन सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवणारा माणूस तयार व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. तो गेला की ती सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. नव्या माणसाला मालक पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतो, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आमच्यावरचा विश्वास कमी झालेला असतो.

अशा माणसांना मागणी वाढतेच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरची उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) सक्तीचे झाले, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी मध्यम कारखानदार पहिल्यांदा सॉफ्टवेअरकडे वळले. तिकडे ईआरपी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सॅप कंपनीने आपल्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर थांबवण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्या नव्या प्रणालीवर जाण्याच्या घाईत आहेत. दोन वर्षे हात बसलेल्या मुलाला पुण्याहून फोन येणारच.

यावर आपल्याकडच्या अनेक मालकांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे बाँड, मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार. रुजू होताना दोन-तीन वर्षांच्या कागदावर सही घ्यायची, आणि काही ठिकाणी मूळ मार्कशीट व पदवीचे प्रमाणपत्र कपाटात ठेवून घ्यायचे. आमच्याकडे आलेल्या एका मुलीची कागदपत्रे आधीच्या कंपनीत अशीच अडकली होती. एमबीएच्या प्रवेशासाठी मूळ मार्कशीट दाखवायची होती, ती मिळाली नाही आणि तिचे वर्ष गेले. वडील मागावर, आई विड्या वळणारी, अशा घरातली ही पहिली पदवीधर मुलगी. तिचे वर्ष वाया घालवण्याचा अधिकार त्या मालकाला कोणी दिला?

बाँड कायद्याने चालतो, असे मला सांगितले जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, हे खरे आहे. पण त्या बँकेने देशभर जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन अधिकारी निवडले होते आणि त्या खर्चाचा न्यायालयाने विचार केला. सही घेऊन सहा महिने फक्त डेटा एंट्रीला बसवणाऱ्याने त्या निकालाचा आधार घेऊ नये. मार्कशीट तर ज्याची त्याचीच असते. आणि समजा कायद्याने सगळे जमले, तरी अडकवून ठेवलेला माणूस ग्राहकाकडे जाऊन मनापासून प्रश्न विचारत नाही. आमच्या कामाचा जीव त्या प्रश्नांत आहे.

आमच्याकडे बाँड नाही. नोटीस एक महिन्याची. सर्टिफिकेशनची फी कंपनी भरते, बदल्यात काही लिहून घेत नाही. पहिल्या महिन्यापासून नव्या मुलाला जुन्या माणसाबरोबर ग्राहकाकडे नेतो आणि मीटिंगचे टिपण त्यालाच लिहायला लावतो. दोन वर्षांनी पगार किती होईल, हे पहिल्या दिवशी सांगतो. आणि रात्रीचा सपोर्ट एकाच्याच गळ्यात पडणार नाही, हे पाळतो. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले. सकाळी पहिले बिल नव्या दराने निघायला हवे होते, म्हणून सगळी टीम रविवारी रात्री उशिरापर्यंत बसली. आमच्या कंपनीच्या मालकांनी त्या कामाचे वेगळे पैसे दिले आणि नवरात्रात प्रत्येकाला आळीपाळीने बदली सुटी दिली. मुले हे लक्षात ठेवतात.

तरीही माणसे जातात. पुण्यातला पगार आम्ही देऊ शकत नाही. पण चांगल्या मनाने गेलेला माणूस तुटत नाही. एक जण आई-वडिलांसाठी सोलापूरला परतला तेव्हा सरळ आमच्याकडे आला, पुण्यात शिकलेले सगळे घेऊन. दुसरी पुण्यातच आहे, तिच्यामुळे आम्हाला काम मिळाले.

मोठी चूक निवडीतच होते, असे माझे मत आहे. जाहिरातीत फक्त कॉम्प्युटर इंजिनिअर मागतात. तो मुलगा कोड लिहायचे मनात धरून येतो आणि आम्ही त्याला गोदामात ओपनिंग स्टॉक (सुरुवातीचा साठा) जुळवायला पाठवतो. त्याला फसवल्यासारखे वाटते आणि तो जातो. त्याचे काय चुकले? आमच्या चमूतली दोन सर्वांत भरवशाची माणसे बी.कॉम. आहेत, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या पूर्व भागातली, घरी माग असलेली. सुताचा काउंट (जाडी-बारीकपणा) त्यांना शिकवावा लागला नाही. भद्रावती पेठेत मागवाल्याशी ती तेलुगूत बोलतात, आणि मराठीत तासभर विचारून न कळलेली घट पाच मिनिटांत कळते. अशी मुले सोलापुरात घरोघरी आहेत. आज ती एखाद्या दुकानात टॅलीवर बिले काढत बसली आहेत, कारण आयटी आपल्यासाठी नाही असे त्यांना वाटते.

म्हणून आयटी पार्कच्या आखणीत असलेल्यांना आणि इथल्या उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे. जागा मागणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून मूळ कागदपत्रे ठेवून घेणार नाही, असे लेखी घ्यावे. बाँड असेल तर त्याची रक्कम आणि प्रशिक्षणावरचा खर्च जाहिरातीतच छापायला लावावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने वाणिज्य शाखेच्या मुलांची इंटर्नशिप टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत आणि आमच्यासारख्या कंपन्यांत मिळून आखावी. जॉबवर्कचे चलन ते जीएसटीचा आयटीसी-०४ फॉर्म (जॉबवर्कच्या मालाचा हिशेब देणारा), एवढा प्रवास मुलांना प्रत्यक्ष मालावर शिकवायला मी आणि माझे सहकारी शनिवारी कॉलेजात यायला तयार आहोत. मानधन नको.

आपली,
एक ईआरपी सल्लागार, जुळे सोलापूर