बक्षिसांची यादी वरून खाली ऐकू नकोस

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतलं संगीताचं पुलित्झर बक्षीस मिळालेल्या रचनांची यादी पाठवून 'आई, कुठून सुरुवात करू?' असं विचारलंयस. पहिली रचना १९४३ ची, विल्यम शूमन यांची. तिथून क्रमाने निघालीस तर महिन्याभरात सोडून देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

अमेरिकन संगीतकार आरन कोपलंड यांच्या 'ॲपालेशियन स्प्रिंग'पासून सुरू कर. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी लिहिलेलं हे संगीत १९४४ मध्ये वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पहिल्यांदा वाजलं आणि पुढच्या वर्षी त्याला बक्षीस मिळालं. तिथे वादकांना जागा कमी, म्हणून मूळ रचना तेराच वाद्यांची. मोठ्या ऑर्केस्ट्राची नंतर झाली. तू आधी तेरांची ऐक, प्रत्येक वाद्य वेगळं ओळखू येतं. शेवटाकडे शेकर या ख्रिस्ती पंथाची एक साधी धून क्लॅरिनेटवर येते. आपण बढत करतो तेव्हा राग हळूहळू उलगडत जातो. इथे धून पहिल्याच फेरीत पुरी कळते, मग तीच वेगवेगळ्या वाद्यांवर, वेगवेगळ्या लयीत फिरते. पुढे काय होणार याची वाट बघत बसलीस तर हाती काही लागणार नाही. तीच ओळ आता कोणाच्या हातात गेली, तेवढंच धर. आणि एक गंमत: लिहिताना कोपलंडना हे नाव ठाऊकच नव्हतं. ते ग्रॅहम यांनी मागाहून एका कवितेतून उचललं. तरी लोक त्यांना भेटून सांगत, तुमच्या संगीतात ॲपालेशियाचे डोंगर अगदी डोळ्यांसमोर उभे राहतात!

दुसरे चार्ल्स आइव्ज. हे न्यूयॉर्कात विम्याचा धंदा करायचे, तोही उत्तम. त्यांची तिसरी सिंफनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. पहिल्यांदा वाजली १९४६ मध्ये, बक्षीस १९४७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. 'बक्षिसं पोरांसाठी असतात, मी मोठा झालोय' असं म्हणाले म्हणतात, आणि पैसे वाटून टाकले. या सिंफनीत लहानपणी मैदानातल्या प्रार्थनासभांत ऐकलेली भजनं आहेत.

आता मला खटकलेली गोष्ट. कोपलंडना पंथातलं गाणं चाललं, आइव्जना गावची भजनं चालली. लोकांचं संगीत कागदावर उतरवून ऑर्केस्ट्राला दिलं की बक्षीस. पण ज्यांचं संगीत नाचघरातून, क्लबांतून आलं, त्यांचं काय? १९६५ मध्ये परीक्षकांनी सुचवलं की जाझचे संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांना आयुष्यभराच्या कामासाठी खास गौरव द्यावा. पुलित्झर देणाऱ्या मंडळाने नकार दिला. त्या वर्षी संगीताचं बक्षीस कोणालाच मिळालं नाही आणि तिघांपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा सहासष्ट वर्षांचे. ते म्हणाले, नियतीची माझ्यावर कृपा आहे, इतक्या लहान वयात मी फार प्रसिद्ध व्हावं असं तिला वाटत नाही. मी असते तर इतकं गोड बोलले नसते. खास गौरव मिळाला तो १९९९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला. ते जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

मंडळाचा दरवाजा उघडला तोही इंचाइंचाने. बक्षीस मिळालेली पहिली स्त्री एलन टाफ झ्विलिख, १९८३. पहिले कृष्णवर्णीय संगीतकार जॉर्ज वॉकर, १९९६! त्यांची 'लायलॅक्स' लिंकनच्या मृत्यूवरच्या व्हिटमनच्या कवितेवर बांधलेली आहे, आवाज आणि ऑर्केस्ट्रा. पहिल्या ऐकण्यात ती सहज वश होत नाही, म्हणून आधी त्यांचं 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' ऐक. विशी-पंचविशीत लिहिलेलं, आजीच्या आठवणीत. ती आजी गुलामगिरीतून आलेली होती. याला बक्षीसबिक्षीस काही नाही, पण माझ्या मते यादीतल्या निम्म्या रचनांपेक्षा सरस आहे. जाझला बक्षीस मिळालं १९९७ मध्ये, विंटन मार्सालिस यांच्या 'ब्लड ऑन द फील्ड्स'ला. तेही गुलामगिरीवर, आणि बरंच लांब. रविवार मोकळा ठेव. २०१८ मध्ये तर केंड्रिक लमारच्या रॅप अल्बमला मिळालं. ते तूच मला समजावून दे.

शेवटी कॅरोलाइन शॉ यांची 'पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस', २०१३. शॉ तेव्हा तिशीच्या, बक्षीस मिळवणाऱ्यांत सगळ्यांत लहान. वाद्य एकही नाही, आठ गळे. बोलणं, कुजबुज, उसासे, मधेच सुरांचा लख्ख जुळलेला गुच्छ. सुरुवातीला नाचाच्या सूचना गद्यात म्हटल्या जातात, त्या ऐकून 'हे काय?' म्हणून बंद करू नकोस. मी गळ्याचं काम जन्मभर केलं, तरी काही आवाज कसे काढले ते मला कळलं नाही. त्यातल्या एका भागात इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवासी, बायकांच्या कंठगायनाची पद्धत वापरली आहे, आणि पुढे इन्युइट गायिका तान्या टगाक यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. मला तो रास्त वाटतो. तरीही रचना मला आवडते.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, एलिंग्टनपासून सुरू करायला सांग. त्यांचं ऐकलंस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
आई